सारखं करणं आणि चोरणं : एका जुन्या प्रश्नाचा सॉफ्टवेअरपर्यंतचा प्रवास

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं सॉफ्टवेअरच्या कायद्यावर का बोलावं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. मी वकील नाही, संगणकावर प्रोग्रॅमही लिहिता येत नाही. पण गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बी. ए.ला माझ्याकडे तर्कशास्त्र होतं, पुढं तो संगणकाकडं वळला. एका कंपनीत त्यानं काही वर्षं नोकरी केली. अडत व्यापाऱ्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवायचं, हे तिथलं त्याचं काम. मग नोकरी सोडली, कोल्हापुरात आला, आणि आपल्या गुळाच्या व्यापाऱ्यांसाठी तसंच सॉफ्टवेअर स्वतः बनवून विकायला लागला. चार-पाच गिऱ्हाइकं झाली आणि जुन्या कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. तुमचं सॉफ्टवेअर आमच्यासारखं आहे, ते ताबडतोब बंद करा, नुकसानभरपाई द्या.

नोटीस माझ्यासमोर ठेवून तो म्हणाला, "सर, सारखं असणं हा गुन्हा आहे का?"

मी त्याला म्हटलं, हा प्रश्न वकिलाचा आहेच, पण त्याआधी तो तर्काचा आहे, आणि त्याला इतिहासही आहे. तो इतिहास त्याच्यासाठी म्हणून मी वाचत गेलो. आज तोच तुमच्यापुढं मांडतो. सुरुवात मात्र आपल्या गावापासून करू.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, तो तुम्ही रोज बघता. आनंदराव आणि बाबूराव या मेस्त्री बंधूंना सिनेमाचं वेड लागलं, तेव्हा कॅमेरा ही परदेशातून येणारी महागडी चीज होती. तो कसा चालतो, फिल्म पुढं कशी सरकते, क्षणभर कशी थांबते, झडप कधी उघडते, हे समजून घेऊन आपला कॅमेरा आपणच बनवायचा, असं त्यांनी ठरवलं. १९१६ साली आनंदराव वारले. पुढं बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या मदतीनं, १९१८ च्या सुमारास, तो पुरा केला. १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आला आणि बाबूराव पेंटरांचं नाव देशभर झालं.

आता विचार करा. कॅमेरा त्यांनी शोधला का? नाही. कॅमेरा आधीच होता. मग ती चोरी होती का? तसंही कुणी म्हणत नाही. त्यांनी यंत्रामागचं तत्त्व समजून घेतलं आणि स्वतःच्या हातानं वस्तू घडवली. आपल्या उद्यमनगरातल्या मेस्त्रींचंही तेच. बाहेरचं इंजिन खोलायचं, भाग न् भाग बघायचा, आणि आपल्या भट्टीत, आपल्या लेथवर आपलं इंजिन उभं करायचं. अर्थात यंत्रावर पेटंट चालू असेल तर गोष्ट निराळी, त्याकडं नंतर येतो.

या कथेचा पुढचा भाग माझ्या विद्यार्थ्याच्या जास्त जवळचा आहे. १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. कुणी केली? दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम. सोबत भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी. यातले पहिले चौघे कुठं शिकले? बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत. म्हणजे एकाच गावात, एकाच धंद्यात, शिष्यांनी गुरूच्या कंपनीतून बाहेर पडून प्रतिस्पर्धी कंपनी काढली. प्रकाशयोजना, पडदे रंगवणं, कॅमेरा धरणं, सगळं ज्ञान तिथंच मिळालेलं. ते ज्ञान मागं ठेवून बाहेर पडणं त्यांना शक्य होतं का? माणूस नोकरी सोडतो तेव्हा टेबलाची किल्ली परत देतो, हातातलं कसब परत देता येत नाही. ‘प्रभात’चा इतिहास आज आपण अभिमानानं सांगतो. पण त्यांनी जुन्या कंपनीच्या चित्रपटाची निगेटिव्ह उचलून आपल्या नावानं दाखवली असती, तर? तर आपण वेगळं बोललो असतो.

कसब आणि निगेटिव्ह, हे दोन शब्द आजच्या व्याख्यानभर लक्षात ठेवा.

आता थोडं माझ्या विषयाचं. न्यायदर्शनात उपमान नावाचं प्रमाण आहे. गवय नावाचा प्राणी गाईसारखा असतो, असं रानातला माणूस गावकऱ्याला सांगतो. गावकरी रानात जातो, गाईसारखा प्राणी बघतो, आणि हाच गवय असं ओळखतो. सारखेपणावरून ओळख पटली. पण गवय गाईपासून झाला, असं त्यानं म्हटलं तर ते चुकेल. सारखेपणा एक गोष्ट आणि एकापासून दुसरं होणं ही वेगळी गोष्ट.

नोटीस लिहिणारा वकील उपमानावर थांबत नाही, तो अनुमान करतो. धूर दिसतो, म्हणजे अग्नी आहे. सारखेपणा दिसतो, म्हणजे नक्कल आहे. नैयायिक लगेच विचारेल, व्याप्ती कुठं आहे? नक्कल नसतानाही सारखेपणा येऊ शकतो की नाही? येतो. गुळाच्या अडतीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शेतकऱ्याचं नाव, रव्यांची संख्या, वजन, दर, अडत, हमाली, तोलाई हे रकाने असणारच. जीएसटीचा नमुना सरकारनं ठरवून दिलाय. तो दहा जणांनी दहा गावांत स्वतंत्रपणे भरला तरी सारखाच दिसणार. इथला सारखेपणा धंद्यानं आणि सरकारनं लादलेला आहे.

उलट काही सारखेपणा असा असतो की त्याला दुसरं स्पष्टीकरणच सापडत नाही. दोन विद्यार्थ्यांची उत्तरं बरोबर आणि सारखी असतील तर पेपर तपासणारा संशय घेत नाही. दोघांची एकच विचित्र चूक असेल तर घेतो. पस्तीस-चाळीस वर्षं पेपर तपासलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

अमेरिकेत नेमकं असंच घडलं. फ्रँकलिन नावाच्या कंपनीनं ॲपल टू संगणकाशी जुळणारा आपला संगणक बाजारात आणला. आतले प्रोग्रॅम आपण लिहिले, असं त्यांना म्हणताच येईना. कारण त्यांत ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचं, जेम्स ह्यूस्टनचं नाव आणि ‘ॲपलसॉफ्ट’ हा शब्द जसाच्या तसा सापडला. फ्रँकलिननं मग वेगळा मुद्दा मांडला. यंत्राच्या आत बसलेला, माणसाला वाचता न येणारा प्रोग्रॅम हा लेखनाचा प्रकारच नाही, त्याला कॉपीराइट कसला? १९८३ साली अपील कोर्टानं तो फेटाळला. चिपमध्ये कोरलेला प्रोग्रॅमसुद्धा कॉपीराइटचा विषय आहे, असं ठरलं.

आपल्याकडं काय झालं ते बघू. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात नाटक, कादंबरी, चित्र, संगीत, चित्रपट होते, प्रोग्रॅम नव्हता. १९८४ च्या दुरुस्तीनं तो ‘साहित्यकृती’ या सदरात बसवला. १९९४ च्या दुरुस्तीनं प्रोग्रॅमची व्याख्या आणि मालकाचे हक्क नीट सांगितले, ती मे १९९५ पासून लागू झाली. म्हणजे कायद्याच्या नजरेत गुळाच्या अडतीचं सॉफ्टवेअर आणि कादंबरी एकाच रांगेत. हसू येतं, पण या एका निर्णयातून पुढचं सगळं निघतं. प्रोग्रॅम ही साहित्यकृती असेल, तर साहित्याचे नियम त्याला लागणार.

साहित्याचा नियम कोणता? तो सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केला. आनंद यांनी ‘हम हिंदुस्तानी’ नावाचं नाटक लिहिलं होतं. विषय प्रांतवादाचा. पुढं १९५६ मध्ये ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आला, त्याचाही विषय प्रांतवादाचाच. आनंद कोर्टात गेले आणि शेवटपर्यंत हरले. न्यायालय म्हणालं, कल्पना, विषय, कथाबीज, ऐतिहासिक घटना यांवर कुणाचा कॉपीराइट नसतो. कॉपीराइट असतो तो मांडणीवर, अभिव्यक्तीवर. दोन्ही कृती पाहिल्यावर दुसरी पहिलीची नक्कल आहे, असा ठसा प्रेक्षकाच्या मनावर निःशंकपणे उमटला पाहिजे. विषय एक पण हाताळणी वेगळी असेल, तर तो भंग नाही.

हे सॉफ्टवेअरला लावा. गुळाच्या अडतीचा हिशेब संगणकावर ठेवणं, ही कल्पना. ती कुणाची नाही. ती प्रत्यक्षात आणणाऱ्या ओळी, म्हणजे सोर्स कोड, ही अभिव्यक्ती. तिला मालक आहे.

पण मधला प्रदेश मोठा आहे, आणि तिथंच माणसं अडकतात. त्यासाठी दोन खटले सांगतो, एक आपल्या देशातला, एक अमेरिकेतला.

आपला खटला ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक. लखनौची ईस्टर्न बुक कंपनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल संपादित करून छापते. प्रतिस्पर्ध्यांनी ‘ग्रँड ज्युरिक्स’ आणि ‘द लॉज’ या नावांनी निकालांची सॉफ्टवेअरं सीडीवर आणली. कंपनीचं म्हणणं, आमचा संपादित मजकूरच यांनी उचललाय. १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. न्यायालयाचे मूळ निकाल सर्वांचे आहेत, कुणीही घ्यावेत, विकावेत. नुसता घाम गाळला, शुद्धलेखन तपासलं, संदर्भ जुळवले म्हणून कॉपीराइट मिळत नाही. थोडी तरी स्वतःची बुद्धी, निर्मितिक्षमता दिसली पाहिजे. निकालाचे परिच्छेद पाडून त्यांना क्रमांक देणं, कोणते न्यायमूर्ती सहमत आणि कोणते असहमत हे संपादकानं नोंदवणं, यात ती दिसते. शीर्षटिपाही प्रत्येकानं आपल्या आपण लिहाव्यात. प्रतिस्पर्ध्यांना आपलं सॉफ्टवेअर विकायची मोकळीक राहिली, पण दुसऱ्यानं बुद्धी घालून केलेला भाग वगळून.

कोर्टानं सरसकट ‘सारखं आहे, बंद करा’ म्हटलं नाही आणि सरसकट सोडूनही दिलं नाही. चाळणी लावली. सर्वांचं ते बाजूला, घामाचं ते बाजूला, बुद्धीचं तेवढं जपलं.

अमेरिकेतला खटला कॉम्प्युटर असोसिएट्स विरुद्ध अल्ताई. तो मला सर्वांत बोधप्रद वाटतो, कारण त्यात एकाच कंपनीनं आधी चूक केली आणि मग ती सुधारली. क्लॉड आर्नी नावाचा प्रोग्रॅमर कॉम्प्युटर असोसिएट्समधून अल्ताईत आला. येताना जुन्या कंपनीचा सोर्स कोड घेऊन आला. अल्ताईच्या मालकांना हे ठाऊक नव्हतं. त्या कोडच्या आधारानं त्यानं ‘ऑस्कर’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला; त्याचा सुमारे तीस टक्के भाग जुन्या कंपनीचा निघाला. १९८८ साली दावा आला तेव्हा अल्ताईला पत्ता लागला. त्यांनी काय केलं? तो कोड बंदिस्त करून टाकला, आर्नीला त्या कामापासून दूर ठेवलं, आणि ज्यांनी तो कोड कधी पाहिलाच नव्हता अशा आठ प्रोग्रॅमरांकडून तो भाग पहिल्यापासून पुन्हा लिहून घेतला. त्याला सहाएक महिने लागले.

निकाल असा झाला. जुन्या ऑस्करसाठी अल्ताईनं ३ लाख ६४ हजार ४४४ डॉलर भरायचे. पुन्हा लिहिलेल्या ऑस्करसाठी काही नाही. ‘सांगाडा अजून सारखाच आहे’, असा कॉम्प्युटर असोसिएट्सचा युक्तिवाद होता. १९९२ साली अपील कोर्टानं त्यासाठी तीन पायऱ्यांची कसोटी सांगितली. आधी प्रोग्रॅमचे थर उलगडा, सर्वांत वर हेतू आणि सर्वांत खाली प्रत्यक्ष ओळी. मग कार्यक्षमतेसाठी अटळ असलेलं, यंत्रानं किंवा धंद्यानं लादलेलं, आणि सर्वांच्या मालकीचं असं सगळं गाळा. जे उरेल त्याचीच तुलना करा. मघाशी नैयायिक व्याप्तीबद्दल विचारत होता, त्याला हे उत्तर आहे. ज्या सारखेपणाला दुसरं कारण आहे तो आधी बाजूला काढायचा.

न पाहिलेल्या माणसाकडून लिहून घ्यायची ही युक्ती अल्ताईची नव्हे. १९८२ साली कॉम्पॅक कंपनीनं आयबीएमच्या पीसीशी जुळणारा संगणक काढला तो याच वाटेनं. पीसी सुरू होताना चालणारा मूळ प्रोग्रॅम आयबीएमनं आपल्या तांत्रिक पुस्तकात चक्क छापलेला होता. तो वाचलेल्या माणसानं लिहायला बसणं धोक्याचं. म्हणून काम दोन गटांत वाटलं. एका गटानं आयबीएमचा प्रोग्रॅम तपासून तो काय काय करतो ते लिहून काढलं, तो कसा करतो ते नाही. दुसऱ्या गटानं, ज्यानं तो कधी वाचलाच नव्हता, त्या वर्णनावरून स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. आज आपल्या घराघरात वेगवेगळ्या कंपन्यांचे पीसी आहेत, त्याच्या मुळाशी हे सोवळं आहे. सोवळं शब्द मुद्दाम वापरतोय. शिवाशिव टाळली आणि टाळल्याची लेखी नोंद ठेवली, म्हणून ते कोर्टात टिकण्यासारखं झालं.

मग प्रश्न येतो, दुसऱ्याचा प्रोग्रॅम उघडून बघणं, अभ्यासणं चालतं का? आपल्या कायद्यात कलम ५२ आहे, त्याला १९९९ साली काही पोटकलमं जोडली. तुमच्याकडं प्रोग्रॅमची प्रत कायदेशीर असेल, तर ती ज्या कामासाठी दिली त्या कामासाठी वापरताना तिचं निरीक्षण, अभ्यास, चाचणी करून मागची तत्त्वं समजून घेता येतात. आपला वेगळा प्रोग्रॅम तिच्याशी जुळवून घ्यायला लागणारी माहितीही, ती सहज मिळत नसेल तर, काढता येते. माझ्या समजुतीनं हा बाबूरावांच्या कॅमेऱ्याचाच न्याय आहे. पण विकत घेताना ‘मान्य आहे’ म्हणून आपण जो करार न वाचता दाबतो, त्यात काय लिहिलंय तेही बघावं लागतं, आणि प्रत चोरीची असेल तर या कलमाचा आधारच उरत नाही.

जुळवून घेण्याचा प्रश्न किती लांब ताणला जाऊ शकतो, हे गुगल आणि ओरॅकलच्या खटल्यात दिसलं. अँड्रॉइड बनवताना गुगलनं जावा या भाषेतल्या सुमारे ११,५०० ओळी जशाच्या तशा घेतल्या, कारण लाखो प्रोग्रॅमरांना त्या आज्ञांची सवय होती. दहा वर्षांहून अधिक काळ खटला चालला. ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध दोन मतांनी ते उचित वापरात बसवलं. अशा आज्ञांवर कॉपीराइट असतो की नाही, या मूळ प्रश्नाला मात्र त्यांनी हात घातला नाही. गुगलला दहा वर्षं वकील पोसता येतात. कोल्हापुरात दोन खोल्यांत धंदा करणाऱ्या पोराला दहा महिनेही परवडत नाहीत. खटला जिंकण्याआधीच माणूस दमतो, हाही एक धोकाच.

आतापर्यंत वस्तूबद्दल बोललो. आता माणसाबद्दल.

माझ्या विद्यार्थ्याच्या नोटिशीत दुसरा मुद्दा होता. नोकरी सोडल्यावर दोन वर्षं याच धंद्यात पडणार नाही, अशी सही तुम्ही केली आहे. ही अट बघून त्याची झोप उडाली होती. इथं आपला १८७२ चा करार कायदा त्याच्या मदतीला येतो. कलम २७ सांगतं, कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार, तेवढ्यापुरता, रद्दबातल. धंदा विकणाऱ्यानं नावलौकिकासह विकला तर त्याला अपवाद आहे.

पण नोकरी चालू असताना वेगळं. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीत निरंजन शंकर गोळीकेरी नावाचे शिफ्ट सुपरवायझर होते. टायरच्या धाग्याचं तंत्र कंपनीनं परदेशी भागीदारांकडून गुप्ततेच्या अटीवर आणलेलं. गोळीकेरींचा १५ मार्च १९६३ पासून पाच वर्षांचा करार. १९६४ मध्येच ते सोडून राजस्थानात त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत जास्त पगारावर गेले. कंपनीनं कल्याणच्या कोर्टात दावा लावला. १९६७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं मनाई कायम ठेवली. कराराची मुदत चालू आहे तोवरची बंदी वाजवी, आणि शिकवलेलं गुपित उघड करायचं नाही, असा त्याचा अर्थ.

मुदत संपल्यावर काय? याचं उत्तर आपल्या श्रीरामपूरच्या गोलंदाजामुळं पुन्हा एकदा मिळालं. जाहिरातींचं काम बघणाऱ्या परसेप्ट कंपनीशी झहीर खानचा करार होता. करार संपल्यावरही दुसऱ्याकडं जाण्याआधी त्याच अटींवर आम्हाला संधी द्यायची, असं कंपनीचं म्हणणं. २००६ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कराराच्या मुदतीनंतरची अशी बांधीलकी कलम २७ खाली टिकत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत अशी बंदी वाजवी असेल तर चालते, आपल्याकडं नोकरीनंतर ती बहुधा टिकत नाही.

म्हणून तो सुटला का? नाही. धंदा करायचा हक्क मिळाला, गुपित नेण्याचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे २००३ सालचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. स्टार इंडियाच्या प्रकरणात कोर्ट म्हणालं, नोकरीत राहून रोजच्या कामात जे सहज कळतं, त्याला व्यापारी गुपित म्हणता येत नाही. झी आणि सनडायल यांच्या प्रकरणात, सनडायलनं मालिकेची विस्तारानं तयार केलेली संकल्पना विश्वासानं झीसमोर मांडली होती, आणि झीनं त्याच धर्तीची मालिका पुढं आणली, असा आरोप होता. तिथं कोर्टानं मनाई दिली. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसला तरी विश्वासानं सांगितलेली, तपशिलानं बांधलेली संकल्पना परस्पर वापरता येत नाही. म्हणजे कॉपीराइटच्या दारातून सुटलेला माणूस विश्वासभंगाच्या दारात सापडू शकतो.

आणखी तीन दारं थोडक्यात सांगतो.

एक, फौजदारी. कॉपीराइटचा भंग जाणूनबुजून केला तर कलम ६३ खाली सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याला २००८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून नुकसान करण्याच्या हेतूनं सोर्स कोड चोरणं हेही तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचं कृत्य झालं.

दोन, पेटंट. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक प्रोग्रॅमला पेटंट मिळत नाही. पण यंत्रासकट काही नवं तांत्रिक काम केलं असेल तर वाद होतो, आणि अमेरिकेत तर सॉफ्टवेअरची पेटंटं पुष्कळ आहेत. कॉपीराइटमध्ये ‘मी स्वतंत्रपणे लिहिलं’ हा खरा बचाव आहे. पेटंटमध्ये तो नाही. आधीचं पेटंट तुम्ही पाहिलंही नसेल, तरी भंग होतो. माल परदेशात विकणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

तीन, नाव. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि आपल्याकडं संताप उसळला. कंपनीनं प्रेरणा भारतीय चपलेची असल्याचं नंतर कबूल केलं. पण कायद्याची अडचण अशी की मानांकन मुख्यतः नावाला असतं, आणि त्यांनी ‘कोल्हापुरी’ हे नावच वापरलं नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये बरोबर उलटी चूक होते. आतला कोड माणूस स्वतः लिहितो, पण नाव, चिन्ह, रंग, पडद्याची ठेवण गिऱ्हाइकाचा गोंधळ उडेल इतकी सारखी ठेवतो. कोड शुद्ध आणि धंदा मात्र दुसऱ्याच्या नावावर. तिथं व्यापारचिन्हाचा कायदा पकडतो.

मार्केट यार्डातल्या मंडळींसाठीही एक सांगतो. पैसे मोजून सॉफ्टवेअर बनवून घेतलं म्हणजे ते आपलं झालं, असं व्यापारी धरून चालतात. पगारी नोकरानं नोकरीत लिहिलेल्या कोडचा मालक, वेगळं ठरलं नसेल तर, मालकच. पण बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं, तर लेखी हस्तांतराशिवाय कॉपीराइट साधारणपणे लिहिणाऱ्याकडंच राहतो. लेखी करारात मुदत घातली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश घातला नसेल तर भारतापुरता. म्हणून कागद करावा आणि तो वाचावा.

आता माझ्या विद्यार्थ्याकडं येतो. नोटीस वाचून झाल्यावर मी त्याला फक्त एक प्रश्न विचारला. "तुझ्या प्रोग्रॅममधली प्रत्येक ओळ कुठून आली, हे तू सांगू शकशील का?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, बहुतेक सगळं मी इथं आल्यावर लिहिलंय. पण तिथून निघताना एक पेनड्राइव्ह आणला होता. तोलाई आणि उचल वजा करून पट्टी काढायचा भाग त्यातला आहे. तोही मीच लिहिला होता हो. माझ्याच हातचा."

त्याचं दुःख मला कळलं. स्वतःच्या बोटांनी लिहिलेलं आपलं नाही, हे पटायला जड जातं. पण पगार घेऊन लिहिलेली ती निगेटिव्ह होती. कसब त्याचं, निगेटिव्ह कंपनीची.

रागाच्या भरात तो म्हणाला, आज रात्रीच पेनड्राइव्ह फोडतो. मी म्हटलं, ते अजिबात करू नकोस. पुरावा नष्ट केलास तर लहान चूक मोठी होईल. तो जसा आहे तसा वकिलाकडं दे, आणि त्यांना सगळं खरं सांग. तेवढा भाग विक्रीतून थांबव. ज्यानं जुना कोड पाहिलेला नाही अशा माणसाकडून, फक्त पट्टी कशी काढतात हे यार्डातल्या दिवाणजीकडून समजून घेऊन, तो पुन्हा लिहून घे. कोण, कधी, कशावरून लिहितंय याची तारीखवार नोंद ठेव. झाल्या वापराचा हिशेब मात्र द्यावा लागेल, त्यातून सुटका नाही. अल्ताईलाही जुन्याचे पैसे भरावेच लागले.

त्याप्रमाणं तो वकिलाकडं गेला. प्रकरण अजून मिटलेलं नाही, बोलणी चालू आहेत, म्हणून जास्त बोलत नाही. एवढं सांगतो की नवी पट्टी तयार झाली आहे, आणि ती जुन्यापेक्षा बरी चालते असं त्याची गिऱ्हाइकं म्हणतात.

‘सारखं असणं हा गुन्हा आहे का’, हा त्याचा प्रश्न होता. नाही. सारखेपणा म्हणजे धूर. धूर दिसला की लोक येऊन बघणार, तो त्यांचा हक्क आहे. आत काय जळतंय हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे. तरुण मंडळींपैकी जे उद्या नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करणार असतील, त्यांनी बेलाशक करावं. फक्त निघण्याच्या दिवशी खिसे तपासून निघावं.

प्रश्न असतील तर विचारा. कायद्याचे असतील तर मी उत्तर देणार नाही, वकिलाकडं पाठवीन. बाकीचे मात्र जरूर विचारा.